पुढच्या पावसाळ्यानंतर

आमच्या घरात एक वाक्य गेली सात-आठ वर्षे वापरात आहे. फुफी आल्या, खाला आल्या, शेजारच्या आपा आल्या, चहाचा कप खाली ठेवता ठेवता त्यांनी आमच्या मुलीकडे पाहिले आणि विचारले, "दूसरे का क्या सोचे?" की आमच्या तोंडून ते वाक्य निघते, "देखेंगे, अगली बरसात के बाद." सुरुवातीला ते खरे उत्तर होते. मग ते टाळायचे उत्तर झाले. पुढे तर घरात त्याची थट्टाच होऊ लागली. मोटारसायकल बदलायची? पुढच्या पावसाळ्यानंतर. भिंतीला रंग द्यायचा? पुढच्या पावसाळ्यानंतर. आमची मुलगी आता दहा वर्षांची आहे. तीही अभ्यासाला बस म्हटले की हेच सांगते.

आम्ही उर्दू माध्यमाच्या माध्यमिक शाळेत शिकवतो. वर्गात स्वतःला 'हम' म्हणायची सवय लागलेली असल्यामुळे मराठीत लिहायला बसलो की 'मी' लिहवत नाही, 'आम्ही'च येते. वाचकांनी सांभाळून घ्यावे. शिवाय या लेखात सांगायचे आहे ते एकटीचे नाहीच. त्यात दादी आहे, अम्मी आहे, आमच्या वर्गातल्या मुलींच्या आया आहेत. माणूस किती मुले हवीत हे कशावरून ठरवतो, असा प्रश्न कोणी विचारला तर लोक धर्म सांगतात, शिक्षण सांगतात, गरिबी सांगतात. पाऊस कोणी सांगत नाही. आमच्या घरात मात्र तीन पिढ्या हा हिशेब आभाळाकडे बघूनच झाला.

आमच्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. बोलताना अजून तोंडात नगरच येते. या एका जिल्ह्यात दोन-तीन मुलूख आहेत. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडीला काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. ढग सह्याद्री ओलांडून आमच्याकडे येईपर्यंत रिकामे होतात. करंजी घाटाच्या पलीकडे, पाथर्डी तालुक्यात आमचे माहेर, तिथे पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर झाला तरी लोक खूश असतात. उत्तरेकडे राहाता, श्रीरामपूर हा पाटपाण्याचा भाग. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेचे पाणी कालव्यांनी तिकडे गेले. तिकडे ऊस आणि साखर कारखाने, इकडे बाजरी आणि टँकर. दक्षिणेतल्या मुलाला मुलगी द्यायची म्हटली की उत्तरेतले लोक पहिला प्रश्न विचारत, पाणी किती लांबून आणायचे?

दादीला नऊ बाळंतपणे झाली. सहा मुले जगली. ती वर्षे आकड्यांनी मोजत नसे. "सुकडी के साल में", "बड़ी गाय बेचे उस साल" असे तिचे पंचांग होते. सुकडीचे साल म्हणजे १९७२. त्याच्या आदल्या वर्षीही पाऊस नीट झाला नव्हता. बहात्तरला तर बाजरी जमिनीतून वर आलीच नाही. सरकारने कामे काढली. रस्ते, नालाबांध, पाझर तलाव. दादी, दादा आणि वाढत्या वयाची दोन मुले गावाजवळच्या पाझर तलावावर जाऊ लागली. आमचे अब्बा तेव्हा बारा वर्षांचे. मस्टरवर नाव लागावे म्हणून त्यांचे वय वाढवून सांगितले होते. अब्बा आजही डावा खांदा दाखवून सांगतात, इथे मुरमाची पाटी असायची. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर मिलो नावाची अमेरिकेची लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची.

त्या साली दादीच्या पोटात मूल होते. ते दुष्काळातच जन्मले आणि चिल्ला पुरा व्हायच्या आत गेले. दादी त्याच्याविषयी एकदाच बोलली. आम्ही नववीत असू. आम्ही शहाणपणाने विचारले होते, "इतनी तंगी थी तो उसके बाद और दो कायकू?" दादीने रागावायला हवे होते. ती रागावली नाही. म्हणाली, "हाथां ज्यादा तो चूल्हा पक्का. और एक गया तो दूसरा रहना ना रे."

तिच्या या उत्तरात अडाणीपणा आहे असे आम्हाला तेव्हा वाटले. बी.एड. करून, चार पुस्तके वाचून झाल्यावर कळले की तो अगदी चोख हिशेब होता. ज्या घरातून मस्टरवर चार नावे, त्या घरात चार मजुऱ्या. ज्या घरात म्हातारा-म्हातारी दोघेच, त्यांनी कोणाच्या तोंडाकडे पाहायचे? बँक नव्हती, पेन्शन नव्हती, विमा नव्हता. मुले हाच विमा होता, आणि त्यातली काही मरणार हे धरून तो जास्तीचा उतरवायचा होता.

दादीने मुलींची लग्नेही याच हिशेबाने केली. आमच्यात नात्यातल्या नात्यात, जवळच्या जवळ रिश्ते करायची पद्धत. दादी म्हणायची, "पाट के पानी का गांव देखो, फिर लड़का देखो." एक फुफी श्रीरामपूरकडे दिली, एक गोदाकाठी पैठणच्या बाजूला. लोक म्हणाले, एवढ्या लांब? १९८९ साली मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क या दोन अर्थशास्त्रज्ञांनी दक्षिण भारतातल्या कोरडवाहू गावांची माहिती तपासून एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे की शेतकरी मुली लांबच्या गावी देतात, कारण लांबच्या गावचा पाऊस वेगळा असतो. इकडे पीक गेले तर तिकडून मदत येते. २०१८ साली आमच्या माहेरी ज्वारीचा दाणा झाला नाही, तेव्हा श्रीरामपूरच्या फुफीकडून गव्हाची दोन पोती आली. दादी तेव्हा हयात नव्हती. तिने पेरलेले सेहेचाळीस वर्षांनी उगवले म्हणायचे.

अम्मी या घरात १९८५ साली सून होऊन आली आणि पुढचीच वर्षे पुन्हा कोरडी गेली. पण तिचा दुष्काळ दादीसारखा नव्हता. मधल्या काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना कायदा झाली होती. १९७७ चा कायदा, १९७९ पासून अंमल. 'मागेल त्याला काम' हे शब्द अम्मीला पाठ होते. तीही बंडिंगच्या कामावर गेली. मजुरी उशिरा मिळायची, मोजमापात मार बसायचा, हे सगळे होते. तरी एक गोष्ट होती. पुढच्या वर्षी पाऊस आला नाही तर निदान काम मागता येईल, हे माहीत होते. अब्बांनी शिलाई मशीन घेतले आणि आठवड्याच्या बाजारात बसू लागले. घरात प्रथमच असा पैसा येऊ लागला ज्याचा पावसाशी थेट संबंध नव्हता.

तिसरे मूल झाल्यावर अम्मीने ऑपरेशन करून घेतले. दादी दोन महिने तिच्याशी बोलली नाही. त्याला कारणही होते. आणीबाणीत नसबंदीच्या भीतीने आमच्या गावचे पुरुष रात्री शेतात झोपायला जात. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, कायदा झाला नाही, पण धास्ती बसायची ती बसली. आमच्या समाजात त्या शब्दाला अजून तो वास आहे. अम्मी मात्र कोणाच्या सक्तीने गेली नव्हती. ती म्हणायची, "सरकार का काम मांगे तो मिलता. बच्चे गिनके नै मिलता. स्कूल की फीस मात्र गिनके लगती."

मीड केन नावाच्या अभ्यासकाने १९८१ साली बांगलादेशातले एक गाव आणि भारतातली काही कोरडवाहू गावे यांची तुलना केली. त्यात महाराष्ट्रही होता. पुरात किंवा दुष्काळात बांगलादेशातल्या माणसाला जमीन विकावी लागे. सावरायला मुलगे हाच आधार, म्हणून मुले जास्त हवीत. इकडे सरकारी कामे होती, कर्जाची सोय होती, त्यामुळे तेवढी गरज उरली नव्हती. बांगलादेशातले गाव मुसलमानांचे, म्हणून तिथे मुले जास्त, असे त्याने म्हटले नाही. त्याने संकटात आधार कोणाचा हे पाहिले. आम्ही ते वाचले तेव्हा वाटले, हा माणूस आमच्या स्वयंपाकघरात बसून दादी आणि अम्मीचे भांडण ऐकून गेला की काय!

पण म्हणून पाऊस कमी झाला की मुले कमी होतात किंवा जास्त होतात असा सरळ नियम बांधता येत नाही. आमच्या वर्गातच त्याच्या उलटसुलट गोष्टी बसलेल्या असतात.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड हा ऊसतोडीला जाणाऱ्यांचा पट्टा. दिवाळी झाली की टोळ्या निघतात. पावसाने दगा दिला त्या वर्षी जास्त निघतात. बहुतेक लोक वंजारी समाजाचे, पण गरिबीला जात-धर्म नाही, आमच्या मोहल्ल्यातलीही काही घरे जातात. इथे मजुरीचे माप 'कोयता'. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला मिळते. एकट्या पोराला अर्धा कोयता. म्हणून उचल घ्यायची तर पोराचे लग्न हवे आणि त्यासाठी कोणाची तरी चौदा-पंधरा वर्षांची मुलगी हवी. दुष्काळी वर्षात लग्ने घाईने उरकतात ती अशी. अठराव्या वर्षी पहिले मूल, विसाव्या वर्षी दुसरे, बाविसाव्या वर्षी ऑपरेशन. पुढचे तर सांगवत नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांहून अधिक बायकांची २०१९ साली पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीत खाडा होतो, खाड्याला दंड लागतो. शेतात पाऊस नसल्याची किंमत शेवटी बाईच्या शरीरातून वसूल झाली. तिला किती मुले हवी होती, हे या सगळ्यात तिला कोणी विचारले?

आठवीत आमच्याकडे एक मुलगी होती. नज्म पाठ म्हणायला उभी राहिली की वर्ग गप्प व्हायचा. २०१८ च्या दिवाळीनंतर ती आली नाही. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी घरी गेलो तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, धाकट्या भावाला सांभाळायला कारखान्यावर नेली आहे. दोन वर्षांनी ती बाजारात भेटली. कडेवर मूल होते. आम्ही खुळ्यासारखे विचारले, "भाई है?" ती खाली पाहून म्हणाली, "नै टीचर, मेरा है."

अशा वेळी हिवरे बाजारची आठवण होते. शिक्षकांच्या एका प्रशिक्षणातून आम्ही तिथे गेलो होतो. नगर तालुक्यातले गाव, पाऊस आमच्याएवढाच. १९८९-९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा तेही ओसाड पडत चाललेले गाव होते. लोक मजुरीला बाहेर जात होते. मग राळेगण सिद्धीच्या धर्तीवर आदर्श गावाची पंचसूत्री आली. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आणि नसबंदी. पाचवा शब्द ऐकल्यावर आमच्या बसमधल्या दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिले. पाणलोटाच्या कामात या शब्दाचे काय काम? आम्हालाही तो टोचला. पण गाव फिरताना दुसरेच लक्षात राहिले. तिथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती झाला, विहिरींना पाणी किती आहे, ते मोजून कोणते पीक घ्यायचे हे ग्रामसभेत ठरते. कूपनलिकेच्या पाण्यावर शेती करायची नाही, असे गावाने ठरवले. बाहेर गेलेली कुटुंबे परत आली. गावात मुस्लिम कुटुंब एकच, तरी गावाने त्यांच्यासाठी मशीद बांधली. तिथे आम्ही दोन रकात पढलो.

परतताना विचार करत होतो. पाऊस वाढवणे कोणाच्या हातात नाही. गावाने पाऊस वाढवला नाहीच. त्याने पुढच्या वर्षाची थोडी खात्री निर्माण केली. ज्याला पुढचे वर्ष दिसते तोच माणूस मोजून खर्च करतो, मोजून पीक घेतो आणि मोजून मुलांचा विचार करतो. ज्याला पुढचा महिना दिसत नाही तो एक तर हात वाढवतो, नाही तर सगळेच पुढे ढकलतो. दादीने हात वाढवले. आम्ही पुढे ढकलले.

आमची शादी २०१३ ची, मुलगी २०१५ ची. मिस्टर एमआयडीसीत कंत्राटी नोकरीला, सासरची कोरडवाहू जमीन दीर कसतात. आमची तुकडी विनाअनुदानित होती, मग अंशतः अनुदान आले. तेव्हा पगार म्हणजे नावाचाच. नोकरीच्या कागदांत लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्रही होते. दोन मुलांपर्यंत हरकत नव्हती आणि आम्हाला दोनच हवी होती. २०१८ ला दुसऱ्याचे ठरवले. त्या पावसाळ्यात श्रावण कोरडा गेला. ऑक्टोबरच्या शेवटी राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले. दिराने जनावरे चारा छावणीत नेली आणि आमच्या पगारातला निम्मा पैसा गावाकडे जाऊ लागला. तेव्हा मिस्टरांनी पहिल्यांदा ते वाक्य उच्चारले, "अगली बरसात के बाद देखेंगे."

पुढची बरसात आली ती भलत्याच वेळी. २०१९ च्या ऑक्टोबरात कापणीला आलेली बाजरी शेतातच उगवली आणि कापसाची बोंडे काळी पडली. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने आमच्याकडेही पत्रे उडवले. तेव्हा टाळेबंदी होती, मिस्टरांची नोकरी अर्ध्या पगारावर आली होती. दादीला एक सोय होती, दुष्काळ म्हणजे पाऊस नाही. आमच्या काळात तेच शेत एका वर्षी तहानेने मरते आणि दुसऱ्या वर्षी बुडून. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की १९५० नंतरच्या पासष्ट वर्षांत मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आहेत. २०२५ च्या सप्टेंबरात पाथर्डी-शेवगावकडे पूर आला, माती वाहून गेली, तेव्हा अब्बा ओट्यावर उभे राहून म्हणाले, "बहत्तर में ये पानी मांगते थे हम."

२०२२ ला पाऊस बरा झाला. मिस्टरांची नोकरी सावरली होती, आमच्या पगारात अनुदानाचा पुढचा टप्पा मिळाला होता. आम्ही बिस्मिल्ला म्हटले. वर्ष गेले, दुसरे गेले. काही झाले नाही. डॉक्टरीण बाईंनी तपासण्या केल्या, कागद उलटले आणि फार समजुतीने म्हणाल्या, "टीचर, थोडा उशीर केलात." दवाखान्यातून बाहेर आलो तर बारीक पाऊस लागला होता. रिक्षाची वाट पाहत दोघे कितीतरी वेळ बोललो नाही. पाच वर्षे आम्ही पावसाची वाट पाहिली, आणि आमचे वय मात्र कोणाची वाट न पाहता पुढे गेले होते.

मोहल्ल्यात याचा अर्थ वेगळा लागतो. "नौकरीवाली है, एक पेच रुक गई." मोहल्ल्याबाहेर तिसराच. एका प्रशिक्षणात जेवणाच्या वेळी दुसऱ्या शाळेतले एक सर हसत म्हणाले, "मॅडम, तुमच्यात काय, पाच-पाच. अल्लाची देन!" आम्ही डबा बंद केला आणि शांतपणे सांगितले, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १९९२-९३ साली मुस्लिम स्त्रीमागे मुलांचे प्रमाण ४.४ होते, २०१९-२१ मध्ये ते २.३६ झाले. हिंदूंचे ३.३ वरून १.९४. दोन्ही उतरले, आमचे जास्त उतरले. सगळ्या महाराष्ट्राचे आता १.७ आहे. सर गोरेमोरे झाले. आम्हाला जिंकल्याचा आनंद झाला नाही. आमच्या एका मुलीचा हिशेब कोणापुढे मांडावा लागला, याचेच वाईट वाटले.

आणखी एक गंमत आहे, तिला गंमत म्हणायचे तर. उन्हाळ्यात आम्ही शिक्षक पट मिळवायला घरोघर फिरतो. पट घसरला की संचमान्यतेत पद जाते, शिक्षक अतिरिक्त ठरतो. लोक कामासाठी पुण्याला, मुंबईला गेले, उरलेल्यांना मुले कमी, आणि त्यातली काही इंग्रजी शाळेत. म्हणजे आमच्यासारख्या एका मुलीवर थांबलेल्या बाईची नोकरी दुसऱ्यांच्या घरातल्या मुलांच्या संख्येवर उभी आहे. एका दारात बाई म्हणाली, "टीचर, तुमची मुलगी उर्दूतच शिकते ना?" शिकते, म्हणून मान वर करून उत्तर देता आले. पण "तुमची किती?" असे तिने विचारले असते तर?

आमच्यातले बुजुर्ग म्हणतात, रिज्काची चिंता करणारे तुम्ही कोण? तो देणारा आहे. गरिबीच्या भीतीने मुलांना मारू नका असा कुराणाचा हुकूम आहे आणि त्यावर आमचा ईमान आहे. पण तो हुकूम जन्मलेल्या जिवाविषयी आहे. न झालेल्या मुलाचा विचार करणे हे त्याहून वेगळे. पैगंबरांच्या काळात सहाबा अज्ल करत असत, हे हदीसमध्ये आले आहे. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये अज्लची चर्चा करताना जास्त मुलांमुळे होणाऱ्या ओढाताणीची भीती हे कारण नाजायज मानले नाही. तवक्कुल त्याहून श्रेष्ठ, असेही त्यांनी म्हटले. आम्हाला दोन्ही पटते. तवक्कुल हवाच. पण उंट आधी बांधायचा, हेही आम्हाला लहानपणीच शिकवलेले आहे. आमचा उंट आम्ही इतकी वर्षे बांधतच बसलो, हा आमचा कसूर.

२०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सासरच्या गावी इस्तिस्काची नमाज ठरली. या नमाजला लहान मुले, म्हातारे, जनावरेसुद्धा मैदानात न्यावीत असा दस्तूर आहे. सगळ्यांत कमजोर जिवांनी मागितले तर रहमत उतरते म्हणतात. सासरे सकाळी घरोघर फिरून मुले गोळा करत होते. पूर्वी एवढी असत की ओरडून गप्प करावी लागत, ते सांगत होते. त्या दिवशी बोटांवर मोजण्याइतकी मिळाली. आमची आठ वर्षांची मुलगी आजोबांचे बोट धरून गेली. आम्ही बायका लांब लिंबाखाली उभ्या होतो. इमामसाहेबांनी चादर उलटी करून घेतली, हाताचे तळवे खाली केले, आणि उन्हात मुलांच्या बारीक आवाजातले आमीन आमच्यापर्यंत आले.

घरी आल्यावर तिने सांगितले, "मैंने दो चीजां मांगी. बारिश, और एक बहन." सप्टेंबरात थोडा पाऊस झाला. ज्वारीच्या पेरणीपुरता.

आता कोणी दुसऱ्याचे विचारले तर आम्ही ते जुने वाक्य म्हणत नाही. "एक है, अल्हम्दुलिल्लाह," एवढेच म्हणतो. वर्गातल्या मुलींच्या आया पालक सभेनंतर थांबून कधी कानात सल्ला विचारतात. कोणी चौथ्याविषयी विचारते, कोणी पहिलेच लांबवलेले असते. आम्ही डॉक्टर नाही, मौलाना नाही. किती मुले हवीत ते आम्ही सांगत नाही. एक सांगतो, की दोघांनी बसून ठरवा, वेळेवर ठरवा, आणि मुलीचे लग्न उचलीच्या हिशेबाने करू नका. बाकीचे एकट्या घराच्या हातात नाही. गावात पाण्याचा ताळेबंद हवा, मागेल त्याला खरोखर काम आणि वेळेवर मजुरी हवी, टोळीबरोबर जाणाऱ्या मुलीसाठी मागे वसतिगृह हवे. हे असेल तिथल्या बाईला मुलांचा विचार करताना आभाळाकडे बघावे लागणार नाही. आमच्या दादीला ते बघावे लागले, आणि पन्नास वर्षांनी, पगारपत्रक हातात असून, आम्हालाही.